तोंड उघडायचं कुठून? पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) माणसांकडून प्रार्थना शिकताना

ख्रिस्ती संगतीला, म्हणजे एकत्र जमून प्रार्थना करायच्या बैठकीला, नव्यानं येणाऱ्याची एक भीती ठरलेली असते. गाणी होतात, वचन होतं, आतून चहाचा वास यायला लागतो आणि कुणीतरी प्रेमानं म्हणतं, "आता शेवटची प्रार्थना तुम्ही करा ना." माझ्यावर ही पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले, घसा खाकरला आणि थेट "आमेन" म्हणालो. मधलं सगळं राहूनच गेलं.

पुढे लूकच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचताना मला हायसं वाटलं. येशू प्रार्थना करून उठतो आणि त्याचा एक शिष्य म्हणतो, प्रभूजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. ही माणसं यहूदी होती. सभास्थान, सण, स्तोत्रं यांत लहानाची मोठी झालेली. तरी त्यांना शिकावंसं वाटलं, आणि येशूनंही "मनात येईल ते बोला" म्हणून त्यांना वाटेला लावलं नाही. त्यानं त्यांच्या तोंडात शब्द घातले.

म्हणून नव्या माणसाला माझं सांगणं एवढंच असतं, की आधी उसने शब्द घ्या. कीर्तनात मागे उभा राहून धृपद धरणारा माणूस चाल शिकतो ती अशीच. आपले शब्द नंतर येतात. खाली जो क्रम दिला आहे तो मी लोकांना सांगतो तो. तुमच्या पाळकांचा किंवा फादरांचा वेगळा असेल, तर त्यांचं ऐका.

आधी जागा आणि वेळ

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, की आपल्या खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याशी बोल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोठीची खोली असाही होतो. पण चाळीत वाढलेल्या माणसाचा प्रश्न रास्त असतो: खोली एकच, माणसं सहा, दार कुठलं लावू? शास्त्रातच याची उत्तरं आहेत. हिज्कीया राजा मरणाच्या आजारात बिछान्यावर होता, तेव्हा त्यानं फक्त भिंतीकडे तोंड वळवलं आणि प्रार्थना केली. येशूचा शिष्य पेत्र यापो गावी दुपारी प्रार्थनेला गच्चीवर गेला. खुद्द येशू कफर्णहूमात पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात निघून गेला, कारण उजाडल्यावर लोक त्याला सोडणार नव्हते. भिंत, गच्ची, पहाट. यातलं एक काहीतरी प्रत्येकाला मिळतं.

दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. तुम्ही एकदा टेका. पाच मिनिटं पुरे, पण वेळ एकच ठेवा. गुडघेच टेकले पाहिजेत असंही नाही. हन्ना (तिची गोष्ट पुढे येते) उभी होती, शलमोन राजानं हात पसरले, येशूच्या दाखल्यातल्या जकातदारानं मान खाली घालून ऊर बडवला, येशू पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत जमिनीवर पालथा पडला.

आणि एक अगदी आपला प्रश्न. देवाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? मराठी शास्त्रात शिष्य येशूला "प्रभूजी, आम्हांला शिकवा" असं आदरानं म्हणतात, पण प्रार्थनेत पित्याला 'तू'च म्हटलं जातं. आईला म्हणतो, विठोबाला म्हणतात, तसंच. नव्यानं आलेल्या एका आजोबांना ते जमेना, ते आठ-दहा महिने 'आपण' म्हणत होते. काही बिघडलं नाही.

पहिला आठवडा: प्रभूची प्रार्थना, पण सावकाश

येशूनं शिष्यांना शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही ती प्रार्थना. ती बहुतेकांना पाठ असते आणि तीच अडचण आहे. अर्ध्या मिनिटात संपते. आठवडाभर ती रोज म्हणा, पण रोज एकाच ओळीवर थांबा आणि त्या ओळीखाली स्वतःचं एक वाक्य जोडा. एकच.

तिची रचना आधी नीट पाहा. पहिल्या तीन मागण्या देवाबद्दल आहेत: तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. भाकर त्यानंतर येते. आपण प्रार्थनेला बसतो तेव्हा बरोबर उलटं करतो, आधी भाकर, गॅस, शाळेची फी, आणि वेळ उरला तर देव. मी कुणाला नावं ठेवत नाही, माझंही तसंच होतं. पण रोज हा क्रम तोंडात बसला की मागण्यांचा सूर हळूहळू बदलतो.

दुसरी गोष्ट, हिच्यात 'मी' कुठेच नाही. दार लावून एकट्यानं म्हणायच्या प्रार्थनेतही 'आमचा' पिता, 'आमची' भाकर, 'आमची' ऋणं. त्यामुळे भाकरीच्या ओळीवर थांबाल त्या दिवशी अशा एका माणसाचं नाव घ्या, ज्याच्या घरी या महिन्यात ओढाताण आहे. 'रोजची' या शब्दावरही थोडं थांबा. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं रोज पाठवलेलं अन्न, मिळत होता तेव्हा काहींनी उद्यासाठी राखून ठेवला, तर सकाळी त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा दुप्पट वाटा तेवढा टिकायचा. आजच्यापुरतं मागणं ही शिकायची गोष्ट आहे, कारण आपल्याला निदान पाच वर्षांची हमी हवी असते.

सगळ्यात अवघड ओळ क्षमेची. मत्तयात शब्द आहे 'ऋण', लूकमध्ये 'पापं'. मला ऋण हा शब्द जास्त पोचतो. पाप म्हटलं की माणूस दुसऱ्या कुणाचं तरी मोठं पाप आठवतो, उधारी म्हटलं की स्वतःची वही आठवते. इथं तुमचं वाक्य असं असू शकेल: "भावानं जमिनीच्या वाटणीत मला फसवलं, हे मी अजून सोडलेलं नाही. सोडावंसंही वाटत नाही. एवढं आज तुला सांगून ठेवतो." ही पूर्ण प्रार्थना आहे. तिला गोड शेवट लावायला जाऊ नका.

जाता जाता एक खुलासा, कारण नवे लोक इथं हमखास गोंधळतात. वसईच्या कॅथलिक घरात रोझरी (माळेवरची प्रार्थना) म्हणताना ही प्रार्थना 'वाइटापासून सोडव' इथं संपते. अहिल्यानगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळीत पुढे राज्य, सामर्थ्य आणि गौरव तुझी आहेत अशी ओळ येते. कुणी चुकत नाही. मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही, नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत आहे. शिवाय कॅथलिक मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) तीच ओळ थोड्या अंतरानं म्हटली जाते. तुम्ही पाहुणे असाल तर यजमान थांबतील तिथं थांबा.

त्यानंतर एक स्तोत्र घ्या, आणि ते रडगाण्याचं घ्या

या पायरीवर महिनाभर राहायला हरकत नाही.

स्तोत्रसंहिता या पवित्र शास्त्रातल्या पुस्तकात १५० स्तोत्रं आहेत. पुष्कळ जण तेविसाव्यापासून सुरुवात करतात, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. सुंदर आहे ते. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर आणि मयताच्या वेळी इतकं ऐकलेलं असतं की डोळे त्याच्यावरून घसरतात. त्यापेक्षा तेरावं काढा. सहाच वचनं आहेत.

पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो: कुठवर? किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार, किती काळ मी मनात घोर बाळगायचा, किती काळ वैरी माझ्यावर वरचढ राहणार. मग मागणं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत उजेड आण, नाहीतर मी मरेन आणि लोक म्हणतील जिरवली त्याची. आणि शेवटच्या दोन वचनांत अचानक, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन. मधे काय घडलं हे सांगितलेलं नाही. परिस्थिती बदलली असंही म्हटलेलं नाही.

आता करायचं काय? स्तोत्र एकदा मोठ्यानं वाचा. मग वही घ्या आणि त्याच सांगाड्यात आपलं लिहा: 'कुठवर' चार वेळा, मागणं, मागण्याचं कारण, आणि भरवशाचं एक वाक्य. मुलाची नोकरी गेलेल्या घरात ते असं उतरू शकेल:

"देवा, कुठवर? मार्चपासून तो खोलीबाहेर येत नाही. कुठवर मी शेजाऱ्यांना 'वर्क फ्रॉम होम' म्हणून सांगू? कुठवर रात्री दोनला जागी होऊ? कुठवर त्याचे बाबा त्याच्याशी बोलणार नाहीत? आमच्याकडे बघ. त्याला एक फोन तरी येऊ दे, नाहीतर तो स्वतःला निकामी समजायला लागेल. तू मला याआधी सांभाळलं आहेस, हे मी विसरलेले नाही."

शेवटचं वाक्य खरं वाटत नसेल तर लिहू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्याला भरवशाचा शेवट नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. त्याची पहिली ओळ मात्र देवाला हाक मारते, आणि माझ्या मते प्रार्थनेला तेवढं पुरतं.

काही जणांना हे धाडसाचं वाटतं. देवाला असं बोलायचं? मराठी माणसानं तरी बिचकू नये. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला ऋणको ठरवतात, आणि ते अभंग आपण टाळ्या वाजवत म्हणतो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. स्तोत्रकर्त्याचा सूर ओळखायला त्यांना वेगळे कान लागले नसणार.

एक सावधगिरी. एकशे नववं किंवा एकशे सदतिसावं स्तोत्र सुरुवातीला नको. त्यात शिव्याशाप आहेत, आणि एकशे सदतिसाव्याचा शेवट तर अंगावर काटा आणतो. ती वाचायची वेळ येईल तेव्हा कुणा जुन्या विश्वासणाऱ्यासोबत वाचा. जुन्या वळणाचं 'मजवर', 'आम्हांस' अडत असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर वापरा. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं शास्त्र नव्यानं मराठीत आणलं, ते साध्या बायांना कळावं म्हणूनच. समजत नाही ते मुकाट्यानं वाचण्यात पुण्य नाही.

मागताना नाव घेऊन मागा

"प्रभू, सर्वांना आशीर्वाद दे." या वाक्यात वाईट काही नाही, पण ते म्हणणाऱ्याला काय हवं आहे ते कुणालाच कळत नाही, बहुधा त्यालाही.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता, माझ्यावर दया करा. येशूनं त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? समोर आंधळा उभा आहे आणि हा प्रश्न! पण बार्तीमयाला ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं: मला दिसावं.

हिज्कीयाची गोष्ट मला याहूनही आवडते. अश्शूरचा राजा सन्हेरीब यानं यरुशलेमला धमकीचं पत्र पाठवलं. हिज्कीयानं ते वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे उलगडून पसरलं. मग म्हणाला, कान लाव आणि ऐक, डोळे उघड आणि पाहा. हे जसंच्या तसं करून बघा. डॉक्टरांचा रिपोर्ट, बँकेची नोटीस, कोर्टाचा कागद, जे काही रात्री डोक्यात फिरतंय ते टेबलावर उलगडून ठेवा आणि त्याच्याकडे बोट दाखवून बोला. शब्दांची निम्मी मेहनत कागदच करतो.

चालता चालता

नहेम्या हा यहूदी माणूस पारशी राजा अर्तहशश्त याचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक, होता. यरुशलेमची तटबंदी पडली आहे ही बातमी त्याला शूशन राजवाड्यात कळली, तेव्हा तो दिवसचे दिवस रडला, उपास केले, लांब प्रार्थना केली. साधारण चार महिन्यांनी राजानं विचारलं, तुझं तोंड का उतरलंय? तुला काय पाहिजे? नहेम्या लिहितो, की मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. राजाचा प्रश्न आणि आपलं उत्तर यांच्यामध्ये ती प्रार्थना झाली. राजाला पत्ताही लागला नसेल.

इंटरव्ह्यूच्या दारात, ऑपरेशन थिएटरबाहेर, बायकोला उलट उत्तर देण्याआधीच्या सेकंदात करायची प्रार्थना ही. पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हाही तीनच शब्द होते, प्रभूजी, मला वाचवा. ग्रीकमध्येही तीनच आहेत. मात्र नहेम्याच्या त्या क्षणामागे चार महिने होते, हे विसरू नका. नुसत्या चालता-चालताच्या प्रार्थनांवर राहायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीवर वर्ष काढण्यासारखं आहे.

शब्दच येत नाहीत तेव्हा

हन्नाला मूल नव्हतं. सवत पनिन्ना टोचून बोलायची. नवरा एलकाना प्रेमळ, पण त्याचं समजावणं असं, की मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का? (ते वाक्य वाचून बायका संगतीत हसतात, हसण्यासारखंच आहे.) शिलोच्या मंदिरात ती रडत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, ही प्यालेली आहे. ती म्हणाली, नाही महाराज, मी परमेश्वरापुढे मन ओतत होते. त्या ओतण्याला आवाज लागला नाही. आणि त्यानंतर तिनं जेवण केलं, तिचा चेहरा उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल पुढे झाला. चेहरा आधी बदलला.

तेवढीही ताकद नसते असे दिवस येतात. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम करून आलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळाला आणि झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूतानं उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. अशा दिवशी जेवा आणि झोपा. आणि मरावंसं वाटणं तिथंच ठाण मांडून बसलं असेल तर जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. एलीयालाही कुणीतरी हात लावून उठवलं होतं.

उत्तर 'नाही' आलं तर

हे मी नव्या माणसापासून लपवत नाही. प्रेषित पौलानं देहातला एक काटा, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, काढावी म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच उत्तर मिळालं. येशूनं गेथशेमानेत 'अब्बा' (बाबा) म्हणून हाक मारली आणि हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, दूर कर असं म्हटलं. तीनदा, जवळपास त्याच शब्दांत. म्हणजे तेच तेच मागण्यात अविश्वास नाही. 'तरी तुझ्या इच्छेप्रमाणे' हे त्यानं मागणं स्पष्ट मांडल्यावर म्हटलं. आपण पुष्कळदा मागण्याआधीच म्हणतो, म्हणजे मागायला नको आणि नकारही नको.

वधस्तंभावर त्याच्या तोंडी आले ते शब्द बाविसाव्या स्तोत्रातले, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', आणि शेवटी एकतिसाव्यातले. इतक्या टोकाला त्यानंही उसनेच शब्द घेतले, पाठ असलेले. म्हणून सांगतो, निदान दोन स्तोत्रं पाठ करा. रुग्णालयात मोबाइलची बॅटरी संपते.

आणि मग संगतीत

एकट्यानं दीड-दोन महिने झाले की मोठ्यानं करायला हरकत नाही. देवाला एकदाच हाक मारा. "हे दयाळू प्रेमळ स्वर्गीय पित्या" दर वाक्याला स्वल्पविरामासारखं येतं ती सवय ऐकून ऐकून लागते, सुरुवातीलाच टाळलेली बरी. एक आभार, एक मागणं नाव घेऊन, आमेन. जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर', आणि नीतिमान ठरून घरी गेला तो. त्याच दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, बराच वेळ बोलला होता. शेजारचे काका अस्खलित दहा मिनिटं करतात म्हणून बिचकू नका. आणि प्रार्थनेच्या नावाखाली कुणाला टोमणा मारू नका. "प्रभू, उशिरा येणाऱ्यांना शहाणपण दे" हे मी कानांनी ऐकलं आहे.

विश्वास कमी पडतो असं वाटत असेल, तर मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा. मुलाला फेफरं येतं, आणि तो म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका दमात.

नाहीतर प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय वाचा. पेत्र तुरुंगात आहे, आणि मार्कच्या आईच्या घरी सगळी मंडळी रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करते आहे. दारावर थाप पडते. मोलकरीण मुलगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते आणि सांगते, पेत्र आलाय. त्याच्याच सुटकेसाठी गुडघ्यावर बसलेले ते लोक तिला म्हणतात, तू वेडी आहेस. आणि पेत्र बाहेर उभा राहून दार ठोठावतच राहतो.